त्रेचाळिसावा टेक

ताई, नमस्कार.

मी ४७ वर्षांचा, डोंबिवलीला राहतो, बँकेत नोकरी. कॉलेजात गिटार वाजवायचो, लग्नानंतर ती माळ्यावर गेली. लॉकडाउनमध्ये खाली काढली आणि जॅझच्या नादाला लागलो. गेल्या वर्षी एका ऑनलाइन सराव गटात शिरलो. आम्ही अकरा जण आहोत. एक पुण्याचा, एक न्यू जर्सीतली मराठी मुलगी, बाकी कुठले कुठले. सगळ्यांनी मिळून एकच सोलो घ्यायचा, आठवड्याला आठ बार, म्हणजे चार-चार ठोक्यांचे आठ तुकडे, बसवायचे आणि रविवारपर्यंत आपापलं रेकॉर्डिंग गटात टाकायचं, अशी पद्धत. सध्या चार्ली ख्रिश्चन या जुन्या अमेरिकन जॅझ गिटारवाल्याचा 'सेव्हन कम इलेव्हन'मधला सोलो चालू आहे.

पहिले सोळा बार जमले. ब्रिजमध्ये, म्हणजे मधल्या वेगळ्या भागात, अडकलोय. टॅब (कुठल्या तारेवर कुठे बोट ठेवायचं त्याचा कागद) पाठ आहे, बोटं बरोबर जातात, तरी रेकॉर्डसोबत वाजवायला गेलो की कुठेतरी सुटतं. गेल्या आठवड्यात ४३ टेक घेतले, एकही टाकला नाही. बाकीच्यांचं मी माझं झाल्याशिवाय ऐकत नाही, ऐकलं की हातपाय गळतात. गटात एक गृहस्थ आहेत, ते प्रत्येकाच्या चुका सेकंदासकट लिहून काढतात. मागे एका रविवारी व्हिडिओ कॉलवर सगळ्यांनी एकत्र वाजवून पाहिलं, तर मी सारखा मागे पडत होतो. मुलाची दहावी आहे, त्यामुळे रात्री दहानंतर, तेही अँप्लिफायर (अँप) न लावता वाजवतो. बायको म्हणते, ज्या संगीतात आयत्या वेळी सुचेल ते वाजवायचं असतं, त्यात दुसऱ्याचं पाठ करून काय मिळवताय? मला उत्तर देता आलं नाही. गट सोडू का?

ता. क. फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या) तारा घालून काही फरक पडेल का?

– ब्रिजखाली अडकलेला

•

दादा, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. अकरा जण, सोळा बार, त्रेचाळीस टेक, रात्रीचे दहा, सगळा हिशोब चोख आहे. बँकेत आहात हे वेगळं सांगायची गरज नव्हती. पण तो सोलो ऐकायला कसा लागतो, कुठल्या सुरावर तो बाबा मजेत रेंगाळतो, कुठे तुम्हाला हसू येतं, यावर अख्ख्या पत्रात एक अक्षर नाही. आणि एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात, त्याच्याखाली मी रेघ मारली: 'बाकीच्यांचं मी माझं झाल्याशिवाय ऐकत नाही.' माझ्या मते दुखणं तिथे आहे. अकरा जणांच्या गटात शिरूनही तुम्ही खोलीचं दार लावून एकटेच बसलाय.

गट सोडायचा का ते नंतर बघू. आधी वहिनींचं, कारण त्यांनी प्रश्न नेमका विचारलाय.

अमेरिकेत इंडियानापोलिसला वेस माँटगोमेरी म्हणून एक तरुण होता. विशीतला, नुकतंच लग्न झालेलं, दिवसा कारखान्यात काम. चार्ली ख्रिश्चनची रेकॉर्ड कानावर पडली आणि पठ्ठ्याने इलेक्ट्रिक गिटार आणि अँप घरी आणला. मास्तर नाही, नोटेशन वाचता येत नाही (ते त्याला पुढेही कधी आलं नाही). रेकॉर्ड लावायची, सुई उचलायची, परत ठेवायची, असं करत त्याने ख्रिश्चनचे सोलो कानाने उचलले. गावातल्या क्लबात त्याला काम मिळालं ते याच भांडवलावर. गाणं आलं की ख्रिश्चनचा सोलो जसाच्या तसा वाजवायचा आणि तो संपला की गप्प उभं राहायचं, कारण दुसरं काही येतच नव्हतं! हे त्याने स्वतःच नंतर सांगितलेलं आहे. १९४८ साली त्याला लायनेल हॅम्पटनने आपल्या बँडमध्ये घेतलं. हा हॅम्पटन कोण? तुमच्या रेकॉर्डवर मागे व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांचं वाद्य) वाजतोय ना, तो त्याचाच. वेस पुढे १९६० च्या सुमाराला जगाला माहीत झाला, तेव्हा त्याची ऑक्टेव्हमध्ये, म्हणजे एकच सूर दोन सप्तकांत एकदम घेऊन, सोलो वाजवायची रीत अशी काही होती की डोळे मिटून ऐकलं तरी माणूस ओळखावा. ख्रिश्चनची नक्कल म्हणून त्याच्याकडे कुणी बोट दाखवलं नाही.

आपल्याकडे तरी काय वेगळं झालं? कुमार गंधर्व लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन दाखवायचे. पुढे ते कुणासारखे गायले, ते वहिनींनाच विचारा.

आणखी एक गंमत त्यांना सांगा. ख्रिश्चनच्या बोटांत जे आहे त्यातलं बरंचसं लेस्टर यंग या सॅक्सोफोनवाल्याकडून आलंय. म्हणजे तुम्ही डोंबिवलीत बसून गिटारवर वाजवताय ती एका अर्थी सॅक्सोफोनची फुंक आहे. नोव्हेंबर १९३९ मध्ये ही रेकॉर्ड झाली तेव्हा ख्रिश्चन २३ वर्षांचा होता, बेनी गुडमन या बँडवाल्याकडे येऊन त्याला जेमतेम तीन महिने झाले होते. १९४२ च्या मार्चमध्ये क्षयाने गेलासुद्धा, वयाच्या पंचविशीत. गुडमनच्या त्या छोट्या बँडच्या काही गाण्यांचे दुसरे टेकही पुढे प्रसिद्ध झाले. तेच गाणं, तीच माणसं, आणि ख्रिश्चनचा सोलो दोन्हींत वेगळा. तुम्ही ज्याला 'बरोबर सोलो' समजून त्रेचाळीस वेळा घाम गाळलात, तो त्या माणसाला त्या दिवशी सुचलेला एक सोलो आहे. तो शिकायचा जरूर. त्याला घाबरायचं कशाला?

आता ब्रिज. इथे मी जरा बैठक मारून बसणार आहे, कारण तुमची चूक कुठे होते ते तुमच्या पत्रातच लिहिलंय: बोटं बरोबर जातात, तरी सुटतं.

हा सगळा ऐवज बत्तीस बारांचा. आठ-आठ बारांचे चार भाग. पहिला, दुसरा आणि चौथा एका तोंडवळ्याचे, तिसरा म्हणजे ब्रिज. पहिल्या सोळा बारांत खालची जमीन, म्हणजे साथीचा कॉर्ड, फारशी हलत नाही, ए फ्लॅटवर ठाण मांडून बसता येतं. ब्रिजमध्ये मात्र दर दोन बारांनी ती सरकते. सी सेव्हन, मग एफ सेव्हन, मग बी फ्लॅट सेव्हन, मग ई फ्लॅट सेव्हन, आणि तिथून परत घरी, ए फ्लॅटवर. कुठल्या तारेच्या कितव्या फ्रेटवर बोट ठेवायचं एवढं टॅब सांगतो. जमीन कधी सरकली ते तो सांगत नाही. तुमची बोटं पुढच्या कॉर्डवर पोचलेली असतात आणि कान मागच्याच कॉर्डवर उभा असतो. गाडी सुटली, सामान चढलं, माणूस फलाटावर.

आज रात्री एवढंच करा. टॅब बाजूला ठेवा. गिटारची दुसरी तार घ्या, बीची. तिच्या पाचव्या फ्रेटवर बोट ठेवा, तो ई. रेकॉर्ड लावा, ब्रिज आला की सी सेव्हनचे दोन बार हा एकच सूर धरून ठेवा. एफ सेव्हन आला की एक फ्रेट खाली, चौथ्यावर. बी फ्लॅट सेव्हनला तिसऱ्यावर. ई फ्लॅट सेव्हनला दुसऱ्यावर. आणि ए फ्लॅट परत आला की पहिल्या फ्रेटवर, तो सी. पाच, चार, तीन, दोन, एक. एक तार, एक बोट. ई हा सी सेव्हनचा तिसरा सूर, त्याखालचा ई फ्लॅट हा एफ सेव्हनचा सातवा, पुढचा डी परत तिसरा, डी फ्लॅट परत सातवा, आणि शेवटचा सी हा ए फ्लॅटचा तिसरा. प्रत्येक कॉर्डची ओळख पटवणारा एकेक सूर या जिन्यावर उभा आहे.

गाणं थोडंफार शिकला असाल तर ए फ्लॅटला सा धरा. मग हा जिना होतो कोमल धैवत, पंचम, तीव्र मध्यम, शुद्ध मध्यम, गंधार. (दोन मध्यम पाठोपाठ आले म्हणून लगेच ललत शोधायला जाऊ नका, ललतात पंचम नाही, आणि ख्रिश्चनला ललत ठाऊक असण्याचं काही कारण नाही.) पाच सूर वाजवून झाले की गिटार खाली ठेवा आणि तेच गळ्याने म्हणा. गंधारावर उतरताना समेवर आल्यासारखं वाटेपर्यंत म्हणा. ते वाटलं की टॅब पुन्हा उघडा. ख्रिश्चनचा प्रत्येक सूर या जिन्याच्या कुठल्या पायरीजवळून जातोय, ते कानाला आपोआप कळायला लागेल. मग बोट चुकलं तरी माणूस गाडीत असेल.

गळ्याने म्हणायचं म्हटलं की लोक लाजतात. मीही लाजले होते. माझे गिटारचे सर मूळचे गोव्याचे, उमेदीची वर्षं मुंबईच्या हॉटेलांतल्या बँडमध्ये काढलेले. त्यांच्या पिढीकडे टॅब नव्हते, बरंचसं रेकॉर्डवरून उचललेलं. पहिल्याच दिवशी मी तयारी करून गेले, गिटार बॅगेतून काढायला लागले तर म्हणाले, "वो अंदर रख. पैला गा के दिखा." मी म्हटलं, सर, माझा आवाज चांगला नाही. "तेरेको रेडिओ पे कौन बुला रहा है?" तीन आठवडे मी त्यांच्यासमोर नुसती गात होते, दा-बा-दा करत. आई विचारायची, गिटारचा क्लास आहे ना, मग गिटारला गंज कसा चढतोय? चौथ्या आठवड्यात गिटार हातात दिली तेव्हा निम्मा सोलो बोटांनी आपण होऊन शोधला. पोरीचं कौतुक करतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "अभी उलटा पाँव पे ताल दे रही है." तेही खरंच होतं.

वेगाबद्दल थोडंसं. सूर ओळखण्यासाठी रेकॉर्ड अर्ध्या वेगाने लावा, हरकत नाही. पण अर्ध्या वेगावर वाजवत बसू नका. दोन सुरांमधली ओढ तिथे ऐकू येत नाही, आणि जी ऐकू येत नाही ती बोटांत कुठून येणार? वाजवायचं ते पाऊण वेगापासून वर, हा माझा घरचा नियम आहे. दुसरं, ख्रिश्चन पिक (तारा छेडायची चकती) बहुतेक वेळा खालीच मारायचा, वर-खाली नाही. ब्रिजचे दोन बार आधी वर-खाली वाजवून पाहा, मग तेच सगळे डाउनस्ट्रोकने. सुरांचं वजन कसं बदलतं ते तुम्हालाच कळेल. पूर्ण वेगाला सगळे डाउनस्ट्रोक जमले नाहीत तर सोडून द्या, मलाही जमत नाहीत.

त्या चुका काढणाऱ्या गृहस्थांबद्दल तुम्ही जरा चिडून लिहिलंय. असा एक माणूस सोसायटीच्या मीटिंगमध्येही असतो. पण मला ते तुमच्या गटातले सगळ्यात कामाचे सभासद वाटतात. प्रत्येकाचं रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐकणारा निदान एक माणूस आहे म्हणायचा! त्यांनी 'एकोणिसाव्या सेकंदाला सूर चुकला' असं लिहिलं की वाद घालू नका आणि माफीही मागू नका. विचारा, 'तुम्ही हा कुठल्या तारेवर घेता?' गिटारवर एकच सूर चार-पाच ठिकाणी मिळतो. तो मघाचा ई पहिल्या तारेवर मोकळा आहे, दुसरीवर पाचव्या फ्रेटला, तिसरीवर नवव्या, चौथीवर चौदाव्या, आणि हात पोचला तर पाचवीवर एकोणिसाव्या. सूर तोच, आवाजाचा पोत प्रत्येक ठिकाणी निराळा. टॅब करणाऱ्याने त्यातली एक जागा निवडलेली असते, ती ख्रिश्चनचीच असेल असं नाही. अकरा जणांना ही एकच गोष्ट विचारलीत तर त्या आठवड्याचा गट सार्थकी लागेल.

व्हिडिओ कॉलवर एकत्र वाजवण्याचं मात्र डोक्यातून काढून टाका. तुम्ही मागे पडत नव्हतात. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे दहा मीटरला तीस मिलिसेकंद. साधारण तेवढ्या उशिरापर्यंत माणसं एकमेकांना धरून वाजवू शकतात, पुढे लय ओढली जायला लागते. व्हिडिओ कॉलमध्ये हा उशीर शंभर मिलिसेकंदांच्या वर सहज जातो. म्हणजे न्यू जर्सीची मुलगी तुमच्यापासून पस्तीस-चाळीस मीटरवर उभी राहून वाजवतेय, आणि तिच्या कानाशी तुम्ही तितकेच लांब. गणपतीच्या मिरवणुकीत लांबलचक ढोल पथकाच्या शेपटाला उभं राहून पुढच्या ताशाचा ठोका पकडायचा प्रयत्न केलाय कधी? तसंच. प्रत्येकाच्या कानाला बाकीचेच मागे पडल्यासारखे ऐकू येतात. त्यापेक्षा एकाने आपल्या घरी रेकॉर्ड लावून वाजवावं, बाकीच्यांनी माइक बंद करून त्याच्याबरोबर वाजवावं. प्रत्येकाला तो एक ऐकू येईल, आपलं आपल्याला ऐकू येईल, भांडण मिटलं. मग पाळी बदला.

आता त्या त्रेचाळीस टेकांकडे येते. विसाव्या टेकनंतर माणूस सोलो वाजवत नसतो, मागच्या टेकमधली चूक टाळत असतो. रेकॉर्डिंग ऐकलं की ते कळतं. सूर सगळे जागच्या जागी आणि श्वास कुठेच नाही. माझं सांगणं असं: आठवड्याचा क्रम उलटा करा. रविवारची वाट न बघता ज्यांनी लवकर टाकलंय त्यांचं आधी ऐका, स्वतः एक सूर वाजवण्याआधी. हातात गिटार नको. प्रत्येकाच्या नावापुढे एकच गोष्ट लिहा: ब्रिजचा पहिला सूर त्याने ठोक्यावर टाकला, ठोक्याच्या जरा आधी, की जरा मागे रेलून? चांगलं-वाईट लिहायचं नाही. पाच-सहा जणांचं असं लिहून झालं की परत ख्रिश्चनला ऐका. मला खात्री आहे, तुम्हाला तो पहिल्यापेक्षा जास्त ऐकू येईल. एकाच ओळीचे अकरा हातांनी केलेले अकरा उच्चार शेजारी शेजारी ठेवून ऐकायला मिळणं, ही चैन वेस माँटगोमेरीलाही नव्हती. त्याच्याकडे रेकॉर्ड होती आणि शेजारी होते.

आणि स्वतःचे टेक तीन. मोजून तीन. तिसरा जसा असेल तसा टाका, शेवटी अडखळला तरी. सोबत एक ओळ लिहा की अमुक ठिकाणी मला कळत नाहीये. पहिल्यांदा हे करताना पोटात गोळा येईल. माझा अंदाज आहे की आठवड्याभरात निदान दोघं तुम्हाला गुपचूप लिहितील की आमचेही तीस-तीस टेक होतात हो. चेहरा दिसायला नको असेल तर कॅमेरा फक्त डाव्या हातावर ठेवा.

शेजाऱ्यांवरून आठवलं. वेस माँटगोमेरीही दिवसभर काम करून रात्री घरी वाजवायचा, आणि घरच्या-शेजारच्यांना आवाजाचा त्रास नको म्हणून त्याने पिक टाकून अंगठ्याने वाजवायला सुरुवात केली. त्यातून तो मऊ, गुबगुबीत सूर आला आणि पुढे पिकला त्याने हात लावला नाही. मुलाची दहावी होईपर्यंत तुम्हीही रात्री अंगठ्यावर या. डाउनस्ट्रोकचा धडाही त्यातच होऊन जाईल, कारण अंगठा बहुतेक खालीच चालतो. मात्र अँपशिवाय इलेक्ट्रिक गिटार वाजवताना सूर ऐकू यावा म्हणून आपण नकळत जोरात मारतो, आणि डावा हात आवळतो. हेडफोन लावता येईल असा एखादा छोटा अँप कुणाकडून उसना मिळतो का बघा. रविवारी दुपारी दोन तास मुलगा क्लासला जात असेल, ते दोन तास पिकचे.

गट सोडू नका. निदान हे बत्तीस बार होईपर्यंत तरी नाही. गट पुढच्या सोलोवर गेला आणि तुम्ही ब्रिजवरच असाल, तर तसं लिहून कळवा आणि ब्रिजवरच राहा. आठ बार कुणाला आठवड्यात बसतात, कुणाला दोन महिने लागतात. बँकेत सगळेच कर्जदार एका तारखेला हप्ता भरतात का? आणि येत्या रविवारी सोलो टाकूच नका. रेकॉर्ड लावा, सोळा बार गप्प ऐका, ब्रिज आला की दुसऱ्या तारेवर ते पाच सूर वाजवा, पाच, चार, तीन, दोन, एक, आणि तेवढंच गटात टाका. त्या गृहस्थांना विचारा की पहिल्या फ्रेटवर मी वेळेत उतरलो का. ते सेकंदासकट सांगतील.

ता. क. फ्लॅटवाउंड तारांनी बोट सरकतानाची किरकिर जाते आणि सूर जरा गोल, जुन्या रेकॉर्डसारखा येतो. घाला की. पण त्या नेहमीच्या तारांपेक्षा महाग असतात आणि घट्टही लागतात, गिटारची मान जरा वाकू शकते; आधी दुकानात नेऊन सेटिंग करून घ्या. ब्रिज त्यांनी सुटणार नाही.

– तुमची ताई